वामनच्या उशाची खिडकी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवळात उभा राहतो तेव्हाही नाही — कारण देवाला सांगायचं म्हणजे हात जोडायचे, आणि हात जोडले की माणूस काहीतरी मागतोच. मला मागायचं काही नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा काहीतरी झाकलं असतं. मला सवय आहे त्याची.

कुठून सुरू करू? खरं तर एका वाक्यात सांगून मोकळं होता येईल. पण ते वाक्य तोंडापर्यंत येतं आणि परत जातं. म्हणून आधी बोर्डिंगचं सांगतो. ते सोपं आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. परभणीला हायस्कूल होतं, शिक्षण सगळं उर्दूतून, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना राहायला जागा नाही. म्हणून गावातल्या चार भल्या माणसांनी एक बोर्डिंग काढलं. इमारत म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. लांबट खोली, जाडजूड भिंती, वर पत्रे. एका अंगाला चार खिडक्या, दुसऱ्या अंगाला एकच दार. आम्ही अठराजण तिथे जमिनीवर सतरंज्या टाकून झोपायचो, उशाशी प्रत्येकाची पत्र्याची पेटी. कितीही सारवलं, कितीही धूर केला तरी त्या भिंतींचा सरकीचा खवट वास जात नसे. वर्गात कुणी नाक वर करून हुंगलं की आम्हाला कळायचं, आपलं बोर्डिंग ओळखलं गेलं.

गृहपती होते तात्या. शाळेत मराठी शिकवायचे, एकटे होते, स्वभावाने मऊ. संध्याकाळी एक चक्कर मारायचे, बस. बाकी सगळा कारभार माझ्याकडे. मी मॉनिटर होतो. मॅट्रिकच्या वर्गात, वय एकोणीस, वडील पूर्णेला रेल्वेत — म्हणजे माझ्या पायात बूट होते. कुणी कुठे झोपायचं, कुणी पाणी शेंदायचं, कुणी भांडी घासायची, हे मी ठरवायचो. तुम्ही कधी अठरा पोरांवर राज्य केलंय? मी केलंय. फार गोड लागतं ते.

मग बिरू आला.

बोरीकडचा, मेंढपाळाचा पोरगा. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारा. कुठल्याशा शाळा तपासनिसाने याला बोरीच्या शाळेत तोंडी गणितं करताना ऐकलं आणि उचलून आमच्याकडे आणून सोडलं. घोंगडं, एक पेटी आणि घरच्या पायतणांचा एक जोड, एवढंच सामान. माझ्यापेक्षा एक इयत्ता खाली. त्याच्या घराण्यात त्याच्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता.

बोर्डिंगचा एक नियम होता. आधी एका साली गोवराने अर्धं बोर्डिंग पडलं होतं, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या पोराने आठ दिवस मागच्या पडवीत काढायचे. अंगात काही असलं तर तिथेच कळावं, आत यायला नको. नियम चांगला होता आणि तो मी फार कडक पाळायचो — दुसऱ्यांच्या बाबतीत. बिरूला मी आठ दिवस ठेवला आणि वर आणखी चार. ‘मेंढरांचा वास उतरू द्या,’ असं म्हणालो. पोरं हसली. पण पडवी तीन बाजूंनी उघडी होती, आणि हा तिथे खुशीत राहिला! सकाळी उठून शीळ घालायचा. शिक्षा करावी आणि समोरच्याला ती कळूच नये, याच्याइतका संताप दुसरा नाही.

बाराव्या दिवशी तो आत आला आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले. थंडीचे दिवस होते. दिवेलागणीला आम्ही चारही खिडक्या लावून घ्यायचो, फटीत चिंध्या कोंबायचो, वरून गोणपाट सोडायचो. आमच्याकडे सगळेच करत तसं. वारं बाधतं — हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. बाळंतिणीच्या खोलीला झरोका ठेवत नाहीत, तापकऱ्याला कानाला फडकं बांधून अंधारात ठेवतात. पण बिरू जन्मात कधी चार भिंतींत झोपला नव्हता. अठरा जणांचा श्वास, कंदिलाचा धूर — तो उठून दाराच्या फटीला नाक लावून बसायचा.

‘मानीटरसाब, एक तरी उघडी ठिवा ओ. जीव गुदमरायलाय.’

आणि मग त्याने ते सांगितलं. सगळ्यांच्या देखत, अगदी साधेपणाने. ‘आमची मेंढरं खोकायला लागली की आमी वाडगं मोडतो. रानात पांगवतो त्यांला, लांब लांब. कोंडून ठिवली तर एकीचं समद्यांला लागतं.’

मी म्हणालो, ‘इथे माणसं राहतात. मेंढरांचं शास्त्र मेंढरांपाशी ठेव.’

काय हशा पिकला होता! कुणीतरी ‘बें’ केलं. त्या दिवसापासून बिरू कुठूनही आत आला की कोपऱ्यातून ‘बें’ यायचं. ती सुरुवात मी केली नव्हती, पण थांबवलीही नाही. मी दुसरंच केलं. त्याची जागा बदलली. दारापासून आणि खिडकीपासून सगळ्यात लांबचा कोपरा त्याला दिला. मग मी माझ्या अंथरुणावरून त्याच्याकडे पाहत राहायचो. तो उठून बसायचा, सदऱ्याची गुंडी सोडायचा, मान वर करून तोंडाने श्वास घ्यायचा. मला भीती वाटत नव्हती, कीव येत नव्हती. मला मजा यायची. हे मी पहिल्यांदाच बोलून दाखवतोय — मला मजा यायची.

का, विचाराल? त्याने माझं काय घोडं मारलं होतं?

वामन. वामन माझा मित्र. सेलूकडच्या एका पटवाऱ्याचा मुलगा, माझ्याच वर्गात. छातीने नाजूक, पण नकला अशा करायचा की तात्यासुद्धा पोट धरून हसायचे. त्याचं अंथरूण माझ्या शेजारी, खिडकीखाली. चार वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो म्हटलं तरी चालेल. आणि हा वामन गणितासाठी बिरूकडे जायला लागला. आधी गणितासाठी, मग नुसताच. दुपारी दोघं लिंबाखाली बसायचे. बिरूने त्याला दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायला शिकवलं. एकदा मी जवळून गेलो तर दोघं हसत होते आणि मला पाहून थांबले. कशाला हसत होते, मला आजतागायत माहीत नाही. बहुधा माझ्याबद्दल नसेलच. पण माझ्या डोक्यात तो काटा बसला.

पौषात मी दोन दिवस पूर्णेला घरी गेलो. घरात सगळी आडवी. बहीण तापाने फणफणलेली, आई खोकून खोकून वाकलेली, वडील कामावर गेले नव्हते. रेल्वेच्या चाळीत घरटी हेच. निघालो तेव्हा माझ्याही घशात खवखव होती. परभणीला उतरलो, बोर्डिंगच्या दारात आलो. नियमाप्रमाणे मी आठ दिवस पडवीत राहायला हवं होतं. मीच तो नियम घोकून घोकून पोरांकडून पाळून घेत होतो. मला नुसतं सांगायचं होतं, ‘तात्या, घरी ताप आहे.’

नाही सांगितलं. तुम्हाला वाटेल अभ्यास बुडेल म्हणून, परीक्षा जवळ होती म्हणून. तसं काही नव्हतं. त्या पडवीत बिरू राहिला होता. तिथे मी राहायचं? आणि पोरांनी पाहायचं? एवढंच कारण. मी आत गेलो, वामनच्या शेजारी सतरंजी टाकली आणि खोकत झोपलो.

मला ताप आला तो दोन दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी वामन पडला. मग पलीकडचे दोघं, मग समोरचे. आठवडा भरेपर्यंत अकराजण अंथरुणावर. तात्या घाबरे झाले. म्हणाले, ‘यंदा वारं वाईट आहे, पोरांना बाधलं. सगळं बंद करून घ्या.’ तो भला माणूस मनापासून म्हणत होता. आणि मी? मी खिडक्यांच्या फटीत नव्या चिंध्या कोंबल्या, दाराला घोंगडं लावलं, मधोमध शेणीचे निखारे ठेवून त्यावर ओवा आणि लिंबाचा पाला टाकला. आत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. कोण खोकतोय ते दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं.

शुश्रूषेला कुणीतरी हवं होतं. शाळा चालू होती. मी बिरूचं नाव घेतलं. ‘याला सवय आहे कळप सांभाळायची,’ म्हणालो, आणि पुन्हा हशा मिळवला. पण हशासाठी नाव घेतलं नव्हतं. त्याला लागावं, असं मला वाटत होतं. तो तापाने पडावा, घाबरावा, बापाकडे परत जावा. कळतंय ना मी काय म्हणतोय? मी एका पोराला आजारात ढकललं, आणि तो आजार मीच घरून आणला होता.

त्याला काही झालं नाही. अकरा जणांना तो एकटा पुरला. पाणी तापवायचा, पेज पाजायचा, थुंकी राखेत झाकून बाहेर टाकायचा, एकेकाचं डोकं धरून बसायचा. तीच पोरं, जी त्याला ‘बें’ करायची, आता ‘बिरूदादा, बिरूदादा’ करत होती. रोज संध्याकाळी तो मला तेच विचारायचा. ‘आंथरुणं भाईर काढू का, उन्हात? न्हाई तर निदान येक खिडकी?’ आणि रोज मी नाही म्हणायचो.

एके दिवशी शाळेतून परत येताना मला लांबूनच दिसलं — वामनच्या उशाची खिडकी सताड उघडी होती.

मी आत गेलो. दुपारचं ऊन थेट वामनच्या अंथरुणावर आलं होतं. त्याचं तोंड खिडकीकडे. चार दिवस त्याने पेजेला तोंड लावलं नव्हतं, पण उशाशी वाटी होती आणि वाटी रिकामी होती. श्वास संथ चालला होता. तो हळू आवाजात काहीतरी बोलत होता — तात्यांची नक्कल करत होता! — आणि बिरू गुडघ्यावर हनुवटी टेकून हसत होता.

इथे थांबतो जरा. कारण आजवर मनातल्या मनात हे जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा मी इथे लबाडी केली. स्वतःला म्हणत आलो, त्या काळी सगळ्यांचीच समजूत तशी होती, वाऱ्याने ताप वाढतो असंच कुणीही म्हणालं असतं, मी काय वेगळं केलं? समजूत होती, खरं आहे. तात्यांची होती. माझी त्या क्षणी नव्हती. वामन बरा दिसत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाऱ्याने त्याला बरं वाटतंय हे मला समजलं. आणि समजल्यावर मी खिडकी लावली.

नुसती लावली नाही. तात्यांच्या खोलीतून हातोडी आणली आणि खिळे ठोकले. दोन वर, दोन खाली. मग बाकीच्या तीन खिडक्यांनाही. पत्रे दणाणत होते, आजारी पोरं कानांवर हात धरत होती. वामन म्हणाला, ‘राहू दे ना रे. बरं वाटतंय मला.’

‘तुझ्या भल्यासाठीच चाललंय,’ मी म्हणालो.

बिरू हातातली वाटी घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघून शेवटचा खिळा ठोकला, मुद्दाम सावकाश. त्या क्षणी मला काय वाटत होतं सांगू? जिंकल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवस गेले. वामनचा श्वास आखूड होत गेला. बोलायचा तो बंद झाला, ओठ काळसर पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी गवळी दूध घालून गेला, त्या सुमाराला वामन गेला. डोकं बिरूच्या मांडीवर होतं. मी शेजारीच माझ्या अंथरुणाची घडी करत होतो. घडी पूर्ण केली. का ते विचारू नका, मला माहीत नाही.

तात्या धावत आले. आधी रडले, मग भ्यायले. सेलूला निरोप गेला होता, संध्याकाळच्या गाडीने वामनचे वडील येणार होते. त्यांना सांगायचं काय? पटवारी माणूस, वजनदार. बोर्डिंगवर बालंट आलं तर बोर्डिंगच बंद पडणार. तात्या मला म्हणत होते, ‘असं कसं झालं? सांग ना, असं कसं झालं?’

मी सांगितलं. ‘आम्ही शाळेत गेलो की बिरू खिडकी उघडायचा. मी पाहिलं त्या दिवशी लगेच बंद केली. पण तोवर अंगात थंडी भरली होती.’

यात उघड खोटं असं फारसं काही नाही, बघा. उघडली होती. मी बंद केली होती. कोर्टात उभं केलं असतं तरी मी डगमगलो नसतो. पूर्णेच्या तापाचं मात्र मी बोललो नाही. रिकाम्या वाटीचंही नाही.

तात्यांनी बिरूला विचारलं, ‘उघडली होतीस?’

‘उघडली व्हती,’ तो म्हणाला. ‘त्यो म्हणला म्हणून. त्याला बरं वाटायलं व्हतं.’

तात्यांनी त्याच्या मुस्काटात मारली. त्यांनी कुणावर हात उचललेला त्याआधी मी पाहिला नव्हता, नंतरही नाही. तासाच्या आत पेटी उचल आणि चालता हो, म्हणाले. बिरूने पेटी भरली. वेळ लागला नाही, त्यात होतंच काय? जाताना तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार, खिळ्यांचं बोलणार. त्याने विचारलं, ‘मानीटरसाब, माझ्यानं झालं का वो हे?’

मी खाली पाहिलं. दुःखात बुडालेल्या मित्राने पाहावं तसं. तो जिंतूरच्या रस्त्याने चालत गेला, डोक्यावर पेटी. पुढच्या वर्षी तो मॅट्रिकला बसणार होता आणि तो पास झाला असता. तो पुन्हा कुठल्याच शाळेत गेला नाही.

दुपारी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. हैदराबादकडचे मुसलमान गृहस्थ, गोरेपान, चिडके. दारातच थबकले, नाकाला रुमाल लावला. ‘ये कमरा हय की संदूक?’ मग त्यांना खिळे दिसले. सगळ्या खिडक्या उघडवल्या, निखारे बाहेर फेकायला लावले, दहाही पोरांना अंगणात उन्हात नेऊन लांब लांब निजवलं. एकाचा श्वास दुसऱ्याला भोवतो, बंद हवेने हा पोरगा गेला, हवा मिळाली असती तर कदाचित वाचलाही असता — असं ते तात्यांना बजावून सांगत होते. बिरू जे मेंढरांबद्दल बोलला होता, तेच. फक्त उर्दूतून.

‘ये खिल्ले किसने ठोके?’ त्यांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘मालूम नहीं, साहब.’

तात्यांनी ते तसंच जाऊ दिलं. बोलले असते तर सकाळची ती चपराक त्यांच्याकडे परत आली असती. बिरू तेव्हा फार तर चार-पाच कोस गेला असेल. सायकलवर माणूस पाठवला असता तर सूर्य मावळायच्या आत तो परत आला असता. हे तात्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. कुणीही गेलं नाही. ती दहाही पोरं बरी झाली. संध्याकाळी वामनचे वडील आले तेव्हा तात्यांनी त्यांना माझी सकाळची हकीकत सांगितली, आणि मी त्यांचा हात धरून मान डोलावली. त्या माणसाने मरेपर्यंत एका मेंढपाळाच्या पोराला शिव्याशाप दिले. उन्हाळ्यात तात्यांनी मला चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला. अक्षर सुंदर होतं त्यांचं.

त्या दाखल्यावर मला मास्तरकी मिळाली, सेलूच्या बाजूला. आणि ऐका — माझ्या वर्गाच्या खिडक्या कधी बंद नसत. खोकणाऱ्या पोराला मी व्हरांड्यात बसवायचो, बाकीच्यांना लांब लांब. आयांना सांगायचो, पोरं कोंडू नका. आजूबाजूला गोवर आला, ताप आला, माझ्या शाळेत फार फिरकला नाही. तपासनिसाने शेऱ्यात माझं कौतुक लिहिलं. लोक विचारायचे, मास्तर, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हणायचो, वाचन.

हे इतकं तरी मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलं असतं. पोरवय होतं, मत्सर होता, माणूस अशा गोष्टींना पांघरूण शोधून देतो. पण याच्या पुढचं आहे ते वेगळं आहे. त्या वेळी मी पोर नव्हतो.

निजामाच्या अमलाचा तो शेवटचा उन्हाळा. रझाकारांची दहशत होती, रस्ते सुने असायचे. मी देवगाव फाट्यावर एका झाडाखाली मोटारीची वाट पाहत उभा होतो. मेंढरांचा कळप रस्ता ओलांडून आला, मागे एक दाढी वाढलेला माणूस आणि दोन लहान पोरं. माणूस माझ्यासमोर थांबला, निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

‘मानीटरसाब!’

बिरूच होता. त्याला खरंच आनंद झाला होता, मला भेटून. थोरल्याला पिटाळून त्याने माझ्यासाठी पाणी आणवलं, घोंगडं झटकून बसायला दिलं. तात्यांची चौकशी केली. तात्या वारले होते, तसं सांगितलं. वामनचे वडीलही गेले होते. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला, काठी आडवी ठेवली.

‘येक इचारू का? आठ-नऊ वर्सं झाली, मनातून जाईना. म्या खिडकी उघडली म्हणून त्यो मेला का?’

‘नाही’ — एवढा एक शब्द. मोटारीचा पत्ता नव्हता. ऐकायला कुणी नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती, मला शिक्षा करणारं जगात कुणी उरलं नव्हतं. खिळ्यांचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पूर्णेचंही नसतं सांगितलं तरी चाललं असतं. नुसतं ‘नाही रे’ म्हणालो असतो तर हा माणूस हलका होऊन उठला असता. आणि मला काही म्हणजे काहीही द्यावं लागलं नसतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर्गात वापरतो त्या आवाजात म्हणालो, ‘झालं ते झालं, बिरू. तू काही मुद्दाम केलं नाहीस. मी तुला केव्हाच माफ केलंय.’

तो रडला. पोरांच्या देखत, हुंदके देऊन. मग वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि मी ते ठेवू दिलं. धाकटा पोरगा बापाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता.

डोळे पुसून तो बोलायला लागला. मन मोकळं झालं होतं ना त्याचं. म्हणाला, ‘या दोगांला साळंत न्हाई घातलं म्या. दुसऱ्याच्या लेकराजवळ ठिवायचं भ्याव वाटतं, माझ्यावानी त्यांच्या हातून काई झालं तर? आन् थंडीच्या दिसांत आता पालाचं तोंड गच्च बांधून घेतो, वारं शिरू देत न्हाई. म्हातारा लय वरडतो, म्हणतो आपल्यात असं कुणी कोंडत न्हाई. पण म्या ऐकत न्हाई. मागल्या साली समदी खोकायली व्हती. तीन वर्साची लेक गेली त्यात माझी. जाताना भाईर न्या, भाईर न्या करायली व्हती. पण म्या पाल उघडू दिलं न्हाई, मानीटरसाब. तुमची शिकवण ध्यानात ठिवली.’

तो माझ्याकडे पाहत होता. आपण बरोबर केलं ना, एवढंच त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं.

‘चांगलं केलंस,’ मी म्हणालो.